परत आलेल्या नोंदी व त्यांची दुरुस्ती



शाळेच्या दप्तराचे स्वरूप गेल्या काही वर्षांत पुष्कळच पालटले आहे. हजेरीपट व जनरल रजिस्टर ही आजही आपली मूळ पुस्तके होत. तथापि त्यांतील माहिती आता संगणकाच्या द्वारे पाठवावी लागते. यू-डायसची पद्धत २०१२-१३ पासून रूढ झाली, तिचे यू-डायस प्लस हे रूप २०१८-१९ पासून आले आणि २०२२-२३ पासून तीत प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद होऊ लागली. साहजिकच केंद्रशाळेच्या बैठकीत एक तक्रार वारंवार कानी पडते : “साहेब, माहिती भरली, पण ते घेतच नाही.” काही शिक्षक तीच माहिती दहादा पाठवून पाहतात, काही निराश होऊन नोंद तशीच सोडतात, आणि काही जण “एकदाचे घेऊन टाको” म्हणून काहीतरी बदल करतात. या तीनही मार्गांत मुलाचे नुकसान आहे. नोंद परत का येते, ती परत आल्यावर कोणत्या क्रमाने विचार करावा व काय करू नये, हे प्रस्तुत लेखात सांगावयाचे आहे.

१. खिडकी व तिचे नियम

संगणकाच्या पडद्यावर आपण माहिती भरतो, परंतु ती साठवली जाते दूरच्या एका मोठ्या संगणकात, म्हणजे सर्व्हरमध्ये. आपल्यापुढील पान व तो सर्व्हर यांच्यामध्ये देवघेवीची जी ठरलेली व्यवस्था असते तिला एपीआय असे नाव आहे. ही व्यवस्था पोस्टाच्या खिडकीसारखी आहे. आपण रजिस्टर पत्र खिडकीवर देतो, तेव्हा आतील कारकून पत्ता पुरा आहे काय, पाठविणाऱ्याचे नाव लिहिले आहे काय, तिकिटे पुरेशी आहेत काय, एवढे पाहतो. उणीव असल्यास त्या जागेवर बोट ठेवून पत्र परत करतो. पत्रातील मजकूर खरा आहे की खोटा, हे तो पाहत नाही व पाहूही शकत नाही.

एपीआयचेही असेच आहे. आपली माहिती ठरावीक रकान्यांच्या नावांनिशी एका पुडक्यात बांधली जाते व खिडकीतून आत सरकवली जाते. प्रत्येक रकान्यास नियम असतात. ते नियम पाळले आहेत किंवा नाहीत हे पाहण्याच्या क्रियेस आपण ग्राह्यतेची तपासणी म्हणू.

पिनकोडचे उदाहरण घेऊ. ही पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याने योजिली व ती १५ ऑगस्ट १९७२ पासून देशात लागू झाली. पिनकोड सहा अंकी असतो, त्याचा पहिला अंक शून्य नसतो, व महाराष्ट्र आणि गोवा येथील पिनकोड ४ ने सुरू होतात. पाच अंक लिहिले तर लांबीचा नियम मोडतो. मध्ये अक्षर आले तर प्रकाराचा नियम मोडतो. रकाना रिकामा ठेवला तर आवश्यकतेचा नियम मोडतो. परंतु रत्नागिरीकडील गावापुढे कोल्हापूरचा पिनकोड लिहिला तर यांपैकी एकही नियम मोडत नाही, आणि केवळ आकार पाहणारी खिडकी तो मुकाट्याने स्वीकारते. ही गोष्ट वाचकांनी येथेच मनात पक्की करून ठेवावी. लेखाच्या शेवटी तिच्याकडे पुन्हा यावयाचे आहे.

२. तपासणीच्या पायऱ्या

तपासणी साधारणतः चार पायऱ्यांनी होते. पहिल्या पायरीवर पुडके नीट बांधले आहे काय हे पाहिले जाते. एखादा स्वल्पविराम किंवा कंस सुटला तर ते उघडतच नाही. पडद्यावर माहिती भरणाऱ्या शिक्षकास ही अडचण सहसा येत नाही. स्वतः छोटे प्रोग्राम लिहिणाऱ्या तंत्रस्नेही शिक्षकांना मात्र ती परिचित असेल.

दुसऱ्या पायरीवर एकेक रकाना पाहिला जातो : आवश्यक रकाना भरला आहे काय, अंकांच्या जागी अंक आहेत काय, लांबी योग्य आहे काय, दिलेल्या पर्यायांपैकीच पर्याय निवडला आहे काय. शाळेचा यू-डायस क्रमांक ११ अंकी असतो : पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्राचे २७), पुढील दोन जिल्ह्याचे, दोन तालुक्याचे, तीन गावाचे व अखेरचे दोन शाळेचे. एक अंक गळला की क्रमांक येथेच अडतो.

तिसऱ्या पायरीवर रकान्यांचा परस्परांशी मेळ पाहिला जातो. मुले व मुली यांची बेरीज एकूण पटाशी जुळते काय? प्रवेशाचा दिनांक जन्मदिनांकाच्या आधीचा तर नाही ना? येथे एकेक रकाना वेगळा पाहिला तर निर्दोष असतो, दोष असतो तो दोहोंच्या संबंधात. “मी तर सगळे बरोबर भरले आहे” असे शिक्षक प्रामाणिकपणे म्हणतो, ते बहुधा या पायरीवर.

चौथ्या पायरीवर आपली नोंद आधीच साठविलेल्या नोंदींशी ताडून पाहिली जाते : हा क्रमांक अस्तित्वात आहे काय, हाच विद्यार्थी अन्य शाळेच्या पटावर आहे काय, आधारवरील नाव व जन्मदिनांक जुळतात काय. येथील त्रुटी टंकलेखनाच्या चुकीतून उद्भवलेली असेलच असे नाही. म्हणून ती पडद्यावर बसून दूर होईल असेही नाही.

३. उत्तराचे क्रमांक

सर्व्हर प्रत्येक वेळी तीन अंकी क्रमांकाने उत्तर देतो. तो पडद्यावर नेहमी दिसतोच असे नाही. पण दिसला तर फार उपयोगी पडतो. ४०० ते ४९९ मधील क्रमांक आला तर कारण पाठविणाऱ्याच्या बाजूस शोधावे, व ५०० ते ५९९ मधील आला तर ते स्वीकारणाऱ्याच्या बाजूस आहे असे समजावे, हा ढोबळ नियम.

४०० म्हणजे पाठविलेले समजले नाही वा सदोष आहे. ४०१ म्हणजे आपली ओळख पटली नाही. पुष्कळदा आत प्रवेश केल्यावर बराच वेळ निघून गेलेला असतो व पुन्हा लॉगिन केले की काम होते. ४०३ म्हणजे ओळख पटली, पण हा बदल करण्याचा अधिकार आपणांस नाही. ४०९ म्हणजे आधीच्या नोंदीशी विरोध येतो. ४२२ म्हणजे मांडणी समजली, परंतु मजकूर नियमांत बसत नाही. हा क्रमांक १९९९ मध्ये एका मर्यादित उपयोगासाठी निघाला व २०२२ मध्ये त्यास सर्वसाधारण प्रमाणात स्थान मिळाले. म्हणून काही व्यवस्था त्याच अर्थाने आजही ४०० वापरतात. ४२९ म्हणजे थोड्या वेळात फार वेळा मागणी केली. ५०० म्हणजे सर्व्हरमध्येच बिघाड, आणि ५०३ म्हणजे तो तूर्त काम करू शकत नाही.

यावरून एक व्यवहार निघतो. ४०० किंवा ४२२ आल्यावर तीच माहिती जशीच्या तशी पुन्हा पाठविणे व्यर्थ होय. दहाव्या वेळीही उत्तर तेच येईल. याउलट ५०३ आल्यास आपली माहिती बदलणे चूक होय. थांबावे व नंतर पाठवावे. मध्येच संपर्क तुटला असेल तर पुन्हा पाठविण्यापूर्वी नोंद आत गेली आहे काय हे अवश्य पाहावे, अन्यथा एकाच मुलाच्या दोन नोंदी होतात.

४. नेहमी आढळणाऱ्या त्रुटी

दिनांक : आपण दिवस-महिना-वर्ष असे लिहितो. १९८८ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय प्रमाणानुसार वर्ष-महिना-दिवस असा क्रम असतो, तर अमेरिकी पद्धतीवर बसविलेला संगणक महिना आधी धरतो. आता २५-०४-२०१७ हा दिनांक महिना आधी धरून वाचला तर पंचविसावा महिना नसल्यामुळे तो परत येतो. पण ०३-०४-२०१७ मात्र ३ एप्रिलऐवजी ४ मार्च म्हणून निमूटपणे आत जातो. म्हणून यादीतील काही दिनांक परत आले तर परत न आलेल्या दिनांकांचाच अधिक संशय घ्यावा. परत आलेल्याने चूक दाखवून उपकार केले. स्वीकारलेल्याने ती लपविली.

अंक : मराठी कळफलकावरील देवनागरी अंक व इंग्रजी अंक यांची किंमत आपल्या दृष्टीने एकच असली तरी संगणकाच्या दृष्टीने ती भिन्न चिन्हे आहेत. ‘येथे केवळ अंक लिहा’ असे उत्तर आले व समोर अंकच दिसत असले तर कळफलक तपासावा.

मोठे क्रमांक : एक्सेलच्या तक्त्यात बारा अंकी क्रमांक साध्या चौकटीत लिहिला तर तो घातांकाच्या संक्षिप्त रूपात दिसू लागतो, आरंभीचे शून्य गळून जाते, आणि पंधरा अंकांपुढील अंकांचे शून्य होते. काही बँकांचे खातेक्रमांक १६ अंकी असतात, त्यांचा शेवटचा अंक असा कायमचा नष्ट होतो. असे स्तंभ लिहिण्यापूर्वीच ‘टेक्स्ट’ या प्रकाराचे करावेत. मागाहून केल्यास गेलेले अंक परत येत नाहीत.

आयएफएस कोड : हा अकरा चिन्हांचा असतो. पहिली चार अक्षरे बँकेची, पाचवे चिन्ह नेहमी शून्य, व उरलेली सहा शाखेची. पाचव्या जागी शून्याऐवजी इंग्रजी ‘ओ’ हे अक्षर लिहिले जाते, ही चूक अतिशय सामान्य आहे.

आधार क्रमांक : हा बारा अंकी असून ० किंवा १ ने सुरू होत नाही. त्याचा शेवटचा अंक हा पडताळ्याचा अंक होय. डच गणिती व्हर्हूफ यांनी १९६९ मध्ये मांडलेल्या रीतीने तो आधीच्या अकरा अंकांवरून काढलेला असतो. कोणताही एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तर या रीतीने चूक हमखास उघडकीस येते. म्हणून ‘आधार क्रमांक अवैध’ असे उत्तर आल्यास प्रथम कार्डावरून एकेक अंक दुसऱ्याकडून वाचवून घ्यावा.

नावे : शब्दाच्या शेवटी राहिलेली मोकळी जागा डोळ्यांस दिसत नाही, पण संगणकास दिसते. ‘ज्ञानेश्वर’ हे नाव इंग्रजीत कोणी डी-एन-वाय या अक्षरांनी आरंभितो, कोणी जी-वाय या अक्षरांनी. ‘गोऱ्हे’, ‘कुऱ्हाडे’ अशा आडनावांतील ‘ऱ’ संगणकात दोन रीतींनी साठविता येतो : एकच चिन्ह म्हणून, किंवा ‘र’ खाली टिंब देऊन. पडद्यावर दोन्ही सारखी दिसतात आणि तरीही जुळणी फसू शकते. शिवाय आपल्याकडे आडनाव आधी लिहिण्याची चाल आहे. रकान्यांचा क्रम बहुधा निराळा असतो.

रिकामी जागा : माहिती नसताना कोणी शून्य लिहितो, कोणी आडवी रेघ, कोणी ‘नाही’. या तिन्हींचे अर्थ भिन्न आहेत. माहिती उपलब्ध नसल्याचा स्वतंत्र पर्याय दिलेला असेल तर तोच निवडावा.

५. दुरुस्तीचा क्रम

(१) आलेले उत्तर पूर्ण वाचावे व वहीत जसेच्या तसे उतरून घ्यावे. ‘एरर आला’ एवढ्याने कोणासच मदत करता येत नाही. कोणता रकाना, कोणता नियम, कितवी नोंद, हे त्यात बहुधा असते.

(२) नोंदीचा क्रमांक मोजताना जपावे. संगणक पुष्कळदा शून्यापासून मोजतो. उत्तरात नोंद ४ म्हटले असेल तर ती पाचव्या विद्यार्थ्याची असू शकते. व तक्त्याच्या पहिल्या ओळीत शीर्षके असल्यास ती सहाव्या ओळीत सापडेल. हे न पाहिल्यामुळे निर्दोष नोंदीत बदल झाल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत.

(३) यादीतील कोणती नोंद सदोष आहे हे उत्तरात सांगितलेच नसेल तर यादीचे दोन भाग करावेत. जो भाग परत येईल त्याचेच पुन्हा दोन भाग करावेत. चाळीस नोंदींत एकच सदोष असेल तर अशा रीतीने सहा फेऱ्यांत ती सापडते. जो भाग स्वीकारला गेला तो मात्र पुन्हा पाठवू नये.

(४) एका वेळी एकच बदल करावा. तीन बदल एकदम केले व नोंद स्वीकारली गेली, तर दोष कोणता होता हे कळत नाही, आणि उरलेले दोन बदल कदाचित अकारण झालेले असतात.

(५) बदल करण्यापूर्वी स्वतःस विचारावे : दोष लिहिण्याच्या रीतीत आहे की मूळ माहितीत? रीतीचा दोष पडद्यावर दुरुस्त करावा. माहितीचा दोष मूळ कागदावर जाऊन पाहावा : जनरल रजिस्टर, जन्मदाखला, आधार. चूक ज्या कागदात असेल तेथे ती रीतसर दुरुस्त करवून घ्यावी. आधारवर चूक असेल तर पालकांस आधार केंद्रावर पाठवावे. जनरल रजिस्टर त्यासाठी खोडू नये.

(६) मदत मागताना पडद्याचे छायाचित्र समूहात टाकण्याची सवय पडली आहे. त्यात मुलाचे नाव, जन्मदिनांक व आधार क्रमांक असतात. ते झाकल्याविना छायाचित्र कोठेही पाठवू नये. त्रुटीचा मजकूर तेवढा पुरेसा असतो.

६. ग्राह्य व सत्य

आता पिनकोडच्या उदाहरणाकडे परत येऊ. काही वर्षांपूर्वी माझ्या बीटात ऊसतोडणीहून परतलेल्या एका कुटुंबातील मुलगी शाळेत दाखल झाली. तिची नोंद पाठविताच ‘ही नोंद आधीच अस्तित्वात आहे’ असे उत्तर आले. तेथील शिक्षक मेहनती व सज्जन. मुलगी तर समोर बसलेली, मग ‘आधीच’ कशी? त्यांनी दोन दिवस खटपट केली व अखेरीस जन्मदिनांक एका दिवसाने पुढे केला. नोंद तत्काळ स्वीकारली गेली व सर्वांस हायसे वाटले.

पुढे काय झाले ते ऐकावे. कारखान्याजवळील ज्या शाळेत ती हंगामापुरती बसत होती, तेथील पटावर तिची पहिली नोंद तशीच होती. तेथे ती अनेक महिने गैरहजर दिसली व तिचे नाव शाळाबाह्य मुलांच्या यादीत आले. ती यादी आमच्याकडे आली, तेव्हा तिचा शोध घेण्यासाठी आम्ही तिच्या गावी गेलो. आणि ती सापडली शाळेतच, दुसऱ्या बाकावर पाढे म्हणताना. एका मुलीच्या दोन मुली झाल्या होत्या : एक शिकणारी व एक हरवलेली. दोन्ही नोंदी खिडकीच्या नियमांत चोख बसत होत्या. ते जन्मदिनांक निस्तरण्यास जवळजवळ एक वर्ष लागले. पहिल्या दिवशी आलेले उत्तर वास्तविक अगदी खरे होते. जुन्या शाळेस एक फोन करून तेथून नाव सोडवून घेणे, एवढाच त्याचा अर्थ होता.

त्या शिक्षकांस मी दोष दिला नाही, कारण हा दोष आपल्या व्यवसायात जुना आहे. पूर्वी मूल शाळेत आणले की जन्मतारीख कोणास ठाऊक नसे. गुरुजी अंदाजाने वर्ष धरीत व तारीख लिहीत १ जून. आजही महाराष्ट्रात १ जून हा असंख्य लोकांचा कागदोपत्री वाढदिवस आहे, व ३१ मे रोजी सरकारी कचेऱ्यांतून सेवानिवृत्त होणाऱ्यांची रांग लागते. त्या गुरुजींचा हेतू वाईट नव्हता. मूल शाळेबाहेर राहू नये हाच होता. परंतु रकाना भरला गेला, आणि माणसाचे खरे वय आयुष्यभरासाठी त्याच्या कागदांतून नाहीसे झाले. १ जून हा दिनांक कोणताही संगणक परत करणार नाही.

आज आपणांस तशी निकड नाही. वयाचा पुरावा नाही म्हणून कोणत्याही बालकास प्रवेश नाकारता येत नाही, असे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यातच आहे. मुलास आधी वर्गात बसवावे. नोंद अपुरी राहिली तर ती अपुरी म्हणून दाखवावी, कारण केंद्रप्रमुखांस कळवावे व कागद मिळवून ती पुरी करावी. अपुरी नोंद पुढे पुरी करता येते. खोट्याने पुरी केलेली नोंद खोटी आहे हेच मुळी कोणास कळत नाही.

म्हणून लाल अक्षरांतील उत्तर पडद्यावर आले तर त्याचा राग मानू नये व त्याची भीतीही बाळगू नये. विद्यार्थ्याच्या पाटीवर चूक दिसली तर आपण तीवर खूण करतो, ती त्यास हिणविण्यासाठी नव्हे. संगणकाची खूणही तशीच घ्यावी. मात्र त्याच्या तपासणीची मर्यादा ओळखून राहावे : माहिती नियमांत बसते किंवा नाही, हे तो पाहील, ती खरी आहे किंवा नाही, हे पाहणारा शाळेत एकच माणूस आहे, आणि रजिस्टरवर सही त्याचीच असते.